स्पीकरची तार बदलली तर गाणे सुधारते का?

(विज्ञान विभाग : इयत्ता नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी, पालकांनीही अवश्य वाचावे)

इंदूर आणि गाणे यांचे नाते तुम्हाला नव्याने सांगायला नको. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली याच शहरात झाला. उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीला तर ‘इंदूर घराणे’ असे आपल्या गावाचेच नाव मिळाले. पं. कुमार गंधर्व १९४८ पासून अखेरपर्यंत जवळच देवासला राहिले. १९५५ मध्ये येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. आपल्या मराठी घरांमध्ये आधी रेडिओ आला, मग रेकॉर्ड प्लेअर, मग कॅसेट, सीडी आणि आता फोनवरून वाजणारे स्पीकर. साधने बदलली, पण चांगले गाणे चांगले ऐकू यावे ही हौस तीच राहिली.

या हौसेपायी पुष्कळ घरांत अँप्लिफायर आणि स्पीकरची जोडी घेतली जाते. खरेदी संपत आली की एक प्रश्न हमखास पुढे येतो: दोन्हींना जोडणारी तार कोणती घ्यायची? महाराणी रोडवर साधी दुपदरी तांब्याची तार मिळते, तीही चालते असे एक जण सांगतो. दुसरा म्हणतो, एवढे महाग स्पीकर घेतलेत तर तार साधी कशी चालेल? मग जाड, चमकदार, जाळीदार आवरणाच्या, टोकाला सोनेरी पिना लावलेल्या केबली समोर येतात. त्यांच्या खोक्यावर लिहिलेले असते की आवाज अधिक मोकळा होईल, खर्ज भरदार होईल, तानपुरा वेगळा ऐकू येईल. किंमत मात्र स्पीकरच्या किमतीलाही मागे टाकू शकते.

हे खरे की खोटे? बहुतेक वेळा यावर नुसते वाद होतात. एकाला फरक ऐकू आलेला असतो, दुसऱ्याला नसतो. वास्तविक हा प्रश्न दहावीच्या ‘विद्युत’ या पाठातला आहे आणि तो गणिताने सोडवता येतो. उत्तर आधीच सांगतो: तार फार बारीक किंवा फार लांब असेल तर ती बदलल्याने आवाज नक्की सुधारतो. ती पुरेशी जाड झाली की त्यापुढे कितीही पैसे घातले तरी आवाजात भर पडत नाही. पण नुसते उत्तर पाठ करण्यात काही अर्थ नाही. ते कसे येते ते पाहू.

तारेचे काम काय?

अँप्लिफायर विजेच्या रूपात गाण्याची नक्कल तयार करतो. ही वीज सतत दिशा बदलणारी असते. गायकाचा स्वर सेकंदाला २४० कंपनांचा असेल, तर तारेतील विजेची धाराही सेकंदाला २४० वेळा पुढे जाऊन मागे येते. ती स्पीकरच्या आतील वेटोळ्यातून वाहते, चुंबकामुळे वेटोळे हलते, त्याला चिकटलेला पडदा हलतो आणि आपल्याला स्वर ऐकू येतो.

या साखळीत तारेचे काम एकच: वीज वाटेत न अडवता पलीकडे पोहोचवणे. तार आवाजात स्वतःचे काही घालू शकत नाही. ती फार तर थोडे अडवू शकते. म्हणून ‘कोणती तार सर्वांत गोड’ असे न विचारता ‘कोणती तार किती अडवते’ असे विचारले पाहिजे.

या अडवण्याला आपण रोध म्हणतो (तुमच्या हिंदी पुस्तकात त्याला प्रतिरोध म्हटले आहे). तो ओहम या एककात मोजतात. ज्यांच्या नावाने हे एकक आहे ते गेओर्ग ओहम जर्मनीत कोलोन शहरातील एका शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत असत. त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा घेऊन प्रयोग केले आणि १८२७ मध्ये आपला नियम ग्रंथरूपाने मांडला. म्हणजे आजचा आपला प्रश्न एका शाळामास्तरांनी दोनशे वर्षांपूर्वीच निम्मा सोडवून ठेवला आहे.

नियम असा: तार जितकी लांब, तितका रोध जास्त, जितकी जाड, तितका कमी. तांब्यासाठी सूत्र सोपे आहे.

रोध (ओहम) = ०.०१७२ × तारेची लांबी (मीटर) ÷ छेदाचे क्षेत्रफळ (चौरस मिलिमीटर)

येथे एक गोष्ट विसरू नका. वीज जाते आणि परतही येते. स्पीकर ५ मीटरवर असेल तर विजेचा प्रवास १० मीटरचा होतो. गणितात नेहमी दुप्पट लांबी धरायची.

घरातले गणित

दिवाणखान्यात अँप्लिफायरपासून स्पीकर ५ मीटरवर आहे आणि त्याच्यावर ८ ओहम लिहिले आहे असे समजा. तारेचा रोध आणि स्पीकरचा रोध एकापुढे एक, म्हणजे एकसरीत आहेत. त्यामुळे अँप्लिफायरने दिलेला दाब दोघांत वाटला जातो. तारेच्या वाट्याला जितका जाईल तितका आवाज कमी. हिशेब केला तर असे आकडे येतात:

• ०.५ चौ. मि.मी. (अगदी बारीक तार): रोध ०.३४ ओहम, आवाजात घट ०.३७ डेसिबल

• १ चौ. मि.मी.: रोध ०.१७ ओहम, घट ०.१८ डेसिबल

• १.५ चौ. मि.मी.: रोध ०.११ ओहम, घट ०.१२ डेसिबल

• २.५ चौ. मि.मी.: रोध ०.०७ ओहम, घट ०.०७ डेसिबल

गाणे ऐकताना साधारण १ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम जाणवतो. शांत खोलीत लगोलग तुलना केली तर कसलेल्या कानाला त्याहून थोडा कमी फरकही कळू शकतो. पण १.५ वरून २.५ वर गेल्याने पडणारा फरक एक डेसिबलचा विसावा हिस्सा आहे. तो कोणत्याही कानाच्या पलीकडचा आहे. आवाजाची कळ केसभर फिरवली तरी त्याहून जास्त फरक पडतो.

तुमच्यातला एखादा हुशार विद्यार्थी येथे आक्षेप घेईल: ‘सर, घट सगळ्या स्वरांना सारखीच असेल तर आवाज थोडा वाढवला की झाले. पण स्वरांचा तोल बिघडला तर?’ आक्षेप योग्य आहे. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असले तरी तो आकडा सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एखाद्या स्पीकरचा रोध काही स्वरांना ५ ओहमपर्यंत उतरतो आणि खर्जातील एका विशिष्ट ठिकाणी ३० ओहमपर्यंत चढतो. जेथे तो कमी, तेथे तार जास्त आवाज खाते. ०.५ चौ. मि.मी.च्या बारीक तारेत या दोन टोकांमध्ये सुमारे अर्ध्या डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे बारीक तार आवाज नुसता कमी करत नाही, तर त्याचा पोतही किंचित बदलते. तारेविषयीच्या दाव्यांत जो काही खरा अंश आहे तो हा. परंतु त्यावरचा उपायही जाडी हाच आहे. १.५ चौ. मि.मी. तारेत हाच फरक डेसिबलच्या सहाव्या हिश्शापर्यंत खाली येतो.

व्यवहारासाठी एक सोपा नियम लक्षात ठेवावा: जाण्यायेण्याच्या तारेचा एकूण रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांहून जास्त नसावा. ८ ओहमच्या स्पीकरसाठी ही मर्यादा ०.४ ओहम होते. म्हणून ०.५ चौ. मि.मी. तार साधारण ६ मीटरपर्यंत, १ चौ. मि.मी. तार ११ मीटरपर्यंत आणि १.५ चौ. मि.मी. तार १७ मीटरपर्यंत चालते. स्पीकर ४ ओहमचा असेल तर ही अंतरे निम्मी करावीत. आपल्या बहुतेक घरांत दीड चौरस मिलिमीटरची तार पुरून उरते.

स्पीकरच्या आत दडलेली तार

आणखी एक गोष्ट पाहा. स्पीकरच्या आत जे वेटोळे असते तेही तारेचेच असते. ही तार अतिशय बारीक आणि काही मीटर लांब असते. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये तिचा एकटीचा रोध साधारण ६ ओहम भरतो. म्हणजे बाहेरची केबल कितीही उंची असली तरी वीज शेवटी या बारीक तारेतून जाणारच आहे. बाहेरच्या तारेतील ०.०५ ओहम वाचवण्यासाठी हजारो रुपये घालायचे आणि आतले ६ ओहम तसेच राहायचे, यात काय साधले?

चांदी, शुद्ध तांबे आणि बाणाची खूण

जाहिरातींत येणारे काही शब्द आपण कसाला लावून पाहू. सराफ्यात आपण सोने तरी कसाला लावल्याशिवाय कुठे घेतो?

चांदीची तार: चांदी तांब्यापेक्षा चांगली वाहक आहे हे खरे. पण फरक सुमारे ८ टक्क्यांचा आहे. तांब्याची तार तेवढीच जाड घेतली की चांदीची बरोबरी झाली.

ऑक्सिजनविरहित तांबे: विजेच्या साध्या तारेतील तांबेही चांगलेच शुद्ध असते. दोघांच्या वहनक्षमतेत एखाद्या टक्क्याचा फरक असतो. ५ मीटरच्या अंतराला त्याचा परिणाम शून्यासारखाच.

उच्च स्वर तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतात: ही घटना खरी आहे, तिला त्वचा-परिणाम म्हणतात. पण मनुष्याला ऐकू येणाऱ्या सर्वांत उंच, २०,००० कंपनांच्या स्वरालाही वीज तांब्यात जवळजवळ अर्धा मिलिमीटर खोलवर शिरते. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेची त्रिज्या पाऊण मिलिमीटरहून कमी असते. त्यामुळे घरातल्या अंतरांना याचा परिणाम नगण्य राहतो. हा परिणाम रेडिओलहरींच्या बाबतीत महत्त्वाचा आहे, गाण्याच्या नाही.

तारेवरचा बाण: काही केबलींवर वीज कोणत्या दिशेने वाहावी याचा बाण छापलेला असतो. स्पीकरमधील वीज दर कंपनाला एकदा पुढे आणि एकदा मागे जाते हे तुम्ही वर वाचलेच आहे. मग बाणाचे काय करायचे ते तुम्हीच सांगा.

मग लोकांना फरक का ऐकू येतो?

तार बदलल्यावर गाणे खुलले असे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. त्यांना ते खरोखर तसे जाणवलेले असते. कारणे मात्र तारेबाहेरची असू शकतात. जुनी तार काढताना सांध्यावरचा गंज निघतो. स्पीकर हलवून पुन्हा ठेवताना जागा बदलते. नवी तार लावून आपण प्रथमच कान देऊन ऐकतो, आणि रोजच्या रेकॉर्डमधला तानपुरा त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात येतो. शिवाय खर्च केलेला असतो, त्यामुळे सुधारणा व्हावी असे मनाला वाटत असते.

म्हणून शास्त्रात झाकून परीक्षा घेतात. कोणती तार जोडली आहे हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचे नाही आणि फक्त कानाने ओळखायला सांगायचे. अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने १९८३ मध्ये अशी परीक्षा प्रसिद्ध केली. लॉरेन्स ग्रीनहिल यांनी खास जाड केबल, दिव्याला वापरतात तशी साधी १६ गेजची तार (सुमारे १.३ चौ. मि.मी.) आणि अगदी बारीक २४ गेजची तार (सुमारे ०.२ चौ. मि.मी.) यांची तुलना करून घेतली होती. बारीक तार चाचणीसाठीच्या खास सरसर आवाजात ओळखता आली. साधी तार आणि खास केबल यांतला फरक मात्र संगीत ऐकून सांगता आला नाही. आपले गणित हेच सांगते.

पुढे २००७ मध्ये चमत्कारांचे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांनी आव्हान दिले. ७,२५० डॉलर किमतीच्या स्पीकर केबली आणि साध्या चांगल्या केबली यांतला फरक जो झाकल्या परीक्षेत ओळखून दाखवील, त्याला दहा लाख डॉलर देऊ. बोलणी पुष्कळ झाली, परंतु ती परीक्षा शेवटपर्यंत झालीच नाही.

करून पाहा : झाकली परीक्षा

साहित्य: एक अँप्लिफायर, एक स्पीकर, सारख्या लांबीच्या व पुरेशा जाड अशा दोन वेगवेगळ्या तारा, एक पडदा, एक नाणे.

कृती: एक जण पडद्यामागे बसेल. तो नाणे उडवील. छापा आला तर पहिली तार, काटा आला तर दुसरी तार जोडील आणि वहीत नोंद करील. तार बदलताना अँप्लिफायर प्रत्येक वेळी बंद करावा. दुसरा जण पडद्यापुढे बसून त्याच गाण्याचा तोच अर्धा मिनिट ऐकेल आणि ‘पहिली’ किंवा ‘दुसरी’ असे लिहील. असे दहा वेळा करा. आवाजाची कळ मध्ये हलवू नका. दोघांनी एकमेकांशी बोलू नये.

निष्कर्ष काढताना घाई करू नका. नुसते अंदाजाने सांगितले तरी दहापैकी पाच उत्तरे बरोबर येतातच. आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ५६, म्हणजे साडेपाच टक्के आहे. वर्गातील चाळीस मुलांनी अंदाजाने उत्तरे दिली तरी एकदोघांना आठ गुण मिळू शकतात. नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे १ टक्का आहे. म्हणून कोणी नऊ बरोबर सांगितली तर त्याची परीक्षा पुन्हा घ्या. पुन्हा नऊ आली तर मात्र त्याचे म्हणणे मान्य केले पाहिजे, आपले मत काहीही असो.

तार घेताना खरी काळजी कशाची घ्यावी?

महाग तार नको याचा अर्थ कशीही तार चालेल असा नाही. पालकांनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. तार खरोखर तांब्याची आहे ना? बाजारात वरून तांब्याचा पातळ मुलामा आणि आत अॅल्युमिनियम अशी तारही मिळते. दिसायला ती तांब्यासारखीच असते, पण तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. एक पदर ब्लेडने खरवडून पाहावा. आत पांढरे दिसले तर अॅल्युमिनियम समजावे. अशी तार हातालाही हलकी लागते.

२. सांगितलेली जाडी खरी आहे ना? प्लॅस्टिकचे आवरण जाड असले म्हणजे आतले तांबे जाड असेलच असे नाही. पदर मोजावेत. घराच्या वायरिंगच्या तारेवर ‘२२/०.३’ असे लिहिलेले असते. म्हणजे ०.३ मि.मी. व्यासाचे २२ पदर. एका पदराचे क्षेत्रफळ ०.०७०७, त्याला २२ ने गुणले की १.५६, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर पुरते भरले. आयएसआय खूण आणि ‘आयएस ६९४’ हा क्रमांक असलेली वायरिंगची दोन रंगांची तार स्पीकरला उत्तम चालते.

३. अधिक-उणे जुळले आहे ना? एका स्पीकरला तारा उलट जोडल्या गेल्या तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. डग्ग्याचा भरदारपणा नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज समोरून येण्याऐवजी कुठेतरी विखुरल्यासारखा वाटतो. ही चूक कोणत्याही तारेच्या फरकापेक्षा पुष्कळ मोठी आहे आणि ती दुरुस्त करायला एक पैसाही लागत नाही. तपासायचे असल्यास तार अँप्लिफायरपासून सोडवून तिच्या टोकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावावा. दोन्ही मोठ्या स्पीकरांचे पडदे एकाच बाजूला हलले पाहिजेत.

४. सांधे घट्ट आणि स्वच्छ आहेत ना? पावसाळ्यानंतर उघड्या तांब्यावर काळपट थर चढतो. टोक नव्याने सोलून, पदर पिळून, घट्ट बसवावे. एखादा सुटा पदर शेजारच्या टोकाला टेकला तर अँप्लिफायर जळू शकतो.

५. स्पीकरच्या तारेला घरातल्या विजेच्या प्लगसारखी पिन कधीही लावू नये. लहान मुलाने ती भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली तर अनर्थ होईल.

पैसे वाचले, ते कोठे घालावेत?

खोलीकडे पाहा. कोटा किंवा संगमरवरी फरशी, उघड्या भिंती आणि मोठ्या काचेच्या खिडक्या असतील तर आवाज चोहीकडून परत येतो. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझण ऐकू आली तर सतरंजी अंथरा, जाड पडदे लावा, भिंतीशी पुस्तकांचे कपाट ठेवा. स्पीकर अगदी कोपऱ्यात असेल तर खर्ज फुगून गुमगुमतो. तो भिंतीपासून थोडा पुढे ओढा. छोट्या स्पीकरचे तोंड कानाच्या उंचीवर आणा. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला तर उत्तम. या बदलांनी काही स्वरांत अनेक डेसिबलचा फरक पडतो. तारेने पडणारा फरक डेसिबलच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाचा होता हे आठवा.

मूळ ध्वनिमुद्रणाचाही विचार हवा. इंदूरजवळ पिगडंबर येथे लता दीनानाथ मंगेशकर यांच्या नावाचे ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे. त्या काळातील ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डमध्ये अतिउच्च स्वर मुळात मुद्रितच होऊ शकत नसत. जे रेकॉर्डमध्ये नाही ते तार कोठून आणणार? त्याच खर्चात चांगल्या मुद्रणाच्या रेकॉर्डी किंवा सीडी घेतल्या, अथवा सानंदच्या कार्यक्रमाला घरच्यांनी मिळून प्रत्यक्ष गाणे ऐकले, तर कानाची मिळकत कितीतरी मोठी होईल.

सभागृहाची गोष्ट वेगळी

विश्वस्तांचे आणि कार्यक्रम समितीचे लक्ष येथे मुद्दाम वेधावेसे वाटते. घरात जी गोष्ट नगण्य ठरते तीच सभागृहात महत्त्वाची होते, कारण अंतर वाढते. स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवात मंचाजवळच्या अँप्लिफायरपासून मागच्या स्पीकरपर्यंत ३० मीटर तार सहज लागते. विजेचा प्रवास ६० मीटरचा होतो. तेथे बारीक ०.५ चौ. मि.मी. तार वापरली तर रोध २ ओहमच्या वर जातो. ८ ओहमच्या स्पीकरला मिळणारी शक्ती ६३ टक्क्यांवर येते. ५ ओहम आणि ३० ओहमच्या स्वरांतील तोल जवळजवळ अडीच डेसिबलने ढळतो, आणि हा फरक कोणालाही ऐकू येईल. मागे बसलेल्या आजी-आजोबांना नातवाचे भाषण नीट कळत नाही, याचे एक कारण येथे असू शकते. अशा ठिकाणी ४ चौ. मि.मी. तार घेतली तर घट पाव डेसिबलच्या आसपास येते. हा खर्च योग्य आहे.

दुसरा उपाय म्हणजे १०० व्होल्टची लाइन. नर्मदेवरील इंदिरा सागर धरणाची वीज दूरवर नेताना तिचा दाब खूप वाढवतात, म्हणजे धारा कमी होते आणि तारेत वीज वाया जात नाही. हेच तत्त्व येथे आहे. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट द्यायचे तर साधारण साडेतीन अँपिअर धारा लागते. तेच १०० वॅट १०० व्होल्टने पाठवले तर एकच अँपिअर पुरते. दीड चौरस मिलिमीटरच्या ३० मीटर तारेत पहिल्या रीतीने साडेआठ वॅटहून अधिक शक्ती वाया जाते, दुसऱ्या रीतीने एक वॅटही नाही. मात्र त्यासाठी प्रत्येक स्पीकरजवळ जुळणारा ट्रान्सफॉर्मर हवा आणि जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी.

आणि सभागृहच घुमत असेल तर तार कितीही जाड घेतली तरी शब्द स्पष्ट होणार नाहीत. तेथे आधी पडदे आणि भिंतींचा विचार करावा.

विद्यार्थी मित्रांनो, तार हे निमित्त आहे. पुढे आयुष्यात औषधे, खते, पाण्याची यंत्रे, शिकवणी वर्ग अशा अनेक गोष्टींविषयी ‘आम्हाला फरक जाणवला’ असे तुम्हाला ऐकवले जाईल. अशा वेळी सांगणाऱ्याची थट्टा करू नका आणि डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. किती फरक, कशामुळे, आणि झाकून पाहिला का, एवढे तीन प्रश्न नम्रपणे विचारा. घरातील मोठ्यांनी कष्टाने मिळवलेला पैसा योग्य जागी जावा यासाठी तुमच्या दहावीच्या पाठाचा उपयोग झाला, तर तो पाठ तुम्हाला खरा समजला.

स्वाध्याय

१. एका तारेत ०.२ मि.मी. व्यासाचे ४० पदर आहेत. तिच्या छेदाचे क्षेत्रफळ किती?

२. ४ ओहमचा स्पीकर ८ मीटरवर आहे. ५ टक्क्यांच्या नियमाप्रमाणे १ चौ. मि.मी. तांब्याची तार चालेल का? १.५ चौ. मि.मी. चालेल का?

३. साधा मल्टिमीटर ०.१ ओहम नीट दाखवत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या तारांचा रोधच तेवढा असतो. प्रयोगशाळेत तारेतून १ अँपिअर धारा सोडून व्होल्टमीटरच्या साहाय्याने हा रोध कसा मोजाल? आकृती काढा.

४. घरातील स्पीकरांचे अधिक-उणे आणि सांधे मोठ्यांच्या मदतीने तपासा व काय आढळले ते पाच ओळींत लिहून आणा.

(उत्तरे : १. सुमारे १.२६ चौ. मि.मी. २. १ चौ. मि.मी. तारेचा रोध ०.२८ ओहम, मर्यादा ०.२ ओहम, म्हणून नाही, १.५ चौ. मि.मी. तारेचा ०.१८ ओहम, म्हणून चालेल.)